शिकलेल्या हाताने पुन्हा शिकावे



सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियेवर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. पण मी ज्यांच्यात वावरलो, त्यांचे आधी गुडघेच जातात. हमालाचे जातात, साच्यावर आठ तास उभे राहणाऱ्याचे जातात.

ही विद्या वाढली तीही गिरण्यांच्याच मुलखात, इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये. राइटिंग्टन येथे जॉन चार्नली या शस्त्रवैद्याने १९५८ च्या सुमारास खुब्याच्या खोबणीसाठी टेफ्लॉन वापरले. रोगी चालू लागले, वाहवा झाली. तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या चुऱ्याने भोवतालचे हाड पोखरले, आणि त्याच रोग्यांना पुन्हा कापावे लागले. पुढे एक विक्रेता वेगळ्याच प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. मागाच्या दातेरी चाकांसाठी ते वापरीत. चार्नलीने त्यात नख रुतवून पाहिले आणि नको म्हटले. परंतु प्रयोगशाळेतला लेथवरचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने, साहेब परदेशी गेलेले पाहून, तो तुकडा यंत्राला लावला. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही तो एवढा झिजला नाही, जेवढे टेफ्लॉन एका दिवसात झिजे! नोव्हेंबर १९६२ पासून त्याच्या खोबण्या रोग्यांना बसू लागल्या. त्या कारागिराचे नाव किती जणांनी ऐकले असेल?

चार्नली एकदा पोळला होता. त्याने अट घातली, की राइटिंग्टनला येऊन काम पाहिल्याशिवाय कोणत्याही शस्त्रवैद्याला हा सांधा विकायचा नाही. येणारे काही विद्यार्थी नव्हते, नावाजलेले डॉक्टर होते.

आपल्याकडे डॉक्टरांनी शिकत राहावे असा नियम आहेच. महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० गुण लागतात. पण परिषदेला बसले की गुण मिळतो. मस्टरवर सही केली म्हणून फिटर तयार होत नाही, हे गिरणीतल्या पोरालाही कळते. त्यातून मंडपाचा खर्च पुष्कळदा सांधे विकणाऱ्या कंपन्याच करतात.

आमच्या एका हमालाचा गुडघा दोनदा उघडावा लागला. दुसऱ्या वेळी त्याने डॉक्टरांना सरळ विचारले, "साहेब, वर्षाला असे किती करता? आणि हे नवीन कुठे शिकलात?" मला वाटले, आता हाकलतील. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली आणि दोन्हींची उत्तरे दिली.