कंपनीचं नाव ठरलं, गिऱ्हाईक कुठंय?

आर्वी नाक्यावर चहा पिता पिता मी निदान पाच कंपन्यांचा जन्म पाहिलाय. नाव ठरतं, लोगो बनतो, इन्स्टावर पेज येतं. सहा महिन्यांनी विचारावं, "काय करून राहिला बे?" तर उत्तर, "थांब ना भाऊ, लोन पास होऊ दे."

पोरं आळशी आहेत, हे मला पटत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास छापला. 'मला अमुक व्हायचंय' हा इरादा दुसऱ्यांच्या नजरेत आला, की त्यासाठीची मेहनत कमी होते, असं त्यात दिसलं. बायोमध्ये 'फाउंडर' लिहिलं, चार लाइक आले, की आपण फाउंडर झाल्यासारखंच वाटतं.

त्यांचंच आधीचं काम सांगतं, की कधी, कुठे, कसं हे ठरवलेला इरादा जास्त वेळा पार पडतो. 'हळदीचा ब्रँड काढायचाय' हा नुसता इरादा. 'रविवारी सकाळी समुद्रपूर तालुक्यातून पाच किलो वायगाव हळद आणून पाव-पाव किलोची पाकिटं करीन' हा प्लॅन. या हळदीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालंय, म्हणजे नाव तयारच आहे. वीस पाकिटांना लोन लागत नाही. एफएसएसएआयची नोंदणी मात्र आधी करा.

आणि लोनचं सांगतो. पीएमईजीपीत गावातल्या, जनरल गटातल्या अर्जदाराला 25 टक्के अनुदान असतं, पण स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात. अनुदान हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून असतं. बँकेला चालणारा धंदा दिसायला हवा, आणि आपण तर धंद्यासाठीच लोनची वाट पाहून राहिलो!

घरचं ओझं खोटं नाही. कापूस-सोयाबीनचा भाव पडला, की पगारवाल्या पोरावरच घर चालतं. तो नोकरी सोडत नाही, तर त्याला भित्रा म्हणू नका. 'जॉब सोडा' म्हणणाऱ्या रीलवाल्याच्या घरी किराणा कोण भरतं, ते आधी विचारा. वीस पाकिटं रविवारीही विकता येतात.

तर या आठवड्यात मला आयडिया पाठवू नका. किती जणांनी खरंच पैसे दिले, तो आकडा व्हॉइस नोटमध्ये सांगा. शून्य असला तरी सांगा, पुढच्या भागात त्यावरच बोलू.