पाठीवरचं मूल

आपल्या वेशभूषा स्पर्धेत दरवर्षी एखादी तरी झाशीची राणी येतेच. हातात पुठ्ठ्याची तलवार, पाठीला बाहुली. गेल्या वर्षी माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, या बाळाचं पुढे काय झालं?" मला उत्तर देता आलं नाही.

चित्रांत दिसतं ते तान्हं बाळ. प्रत्यक्षात १८५८ मध्ये दामोदरराव आठ-नऊ वर्षांचे होते. राणीसाहेब ग्वाल्हेरला पडल्या, चित्र तिथेच थांबतं. दामोदरराव मात्र याच इंदुरात इंग्रजांच्या पेन्शनवर जगले आणि १९०६ मध्ये वारले. झाशी त्यांना परत मिळाली नाही.

चित्र पुसू नका. पण मुलीच्या पाठीला बाहुली बांधताना सांगा, ते मूल आपल्याच गावात मोठं झालं. गणपती बाप्पा मोरया!