समुद्राचा शेजारधर्म



रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना आरे-वारेचा चढ चढून आलो, की आपण सारेच क्षणभर थांबतो. खाली सुरूचे बन, पांढरी वाळू, आणि पुढे दृष्टी पोहोचेल तेथवर पाणी. आपली हद्द येथे संपली, असे मनात येते. माझे म्हणणे असे, की आपला शेजार येथूनच सुरू होतो.

याला साक्षीदार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, गुहागरच्या किनाऱ्यावर, दोन मादी कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवून त्यांना समुद्रात सोडण्यात आले. त्यांतली बागेश्री काही महिन्यांतच श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली. उलट, २०२१ साली ओडिशात बिल्ला लावलेले एक कासव २०२५ साली गुहागरला अंडी घालताना आढळले. आपण येथे घरट्यांची राखण करावी आणि वाटेतल्या कोणा जाळ्यात ते कासव गुदमरावे, तर आपली राखण वाया गेली. कासव कोणाचे, हा प्रश्नच मग निरर्थक ठरतो.

जे कासवाचे, तेच संकटाचे. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ या जहाजाला आग लागली आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे टनांनी श्रीलंकेच्या किनाऱ्यावर पसरले. ती आग विझवावयास आपल्या तटरक्षक दलाची जहाजे धावून गेली. हा शेजारधर्म खरा. पण त्यात आपला स्वार्थही होता, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मे २०२५ मध्ये केरळजवळ जहाज बुडाले, तेव्हा तसलेच दाणे आपल्या देशाच्या वाळूवर आले.

आता राज्यकर्त्यांकडे वळू. सहकार्याच्या संस्था आहेत. दक्षिण आशियाची पर्यावरण-सहकार्य संस्था १९८२ पासून कोलंबोत आहे. भारत, पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश आणि मालदीव यांनी १९९५ साली आपल्या समुद्रांसाठी एक कृती-आराखडाही स्वीकारला. परंतु १९८५ साली स्थापन झालेल्या सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही. राजकारण रुसले, की कागद कपाटात जातो. मग निराश व्हावे काय?

मला तसे वाटत नाही. मासेमारी-बंदीचेच पाहा. बंगालच्या उपसागरात आपली बंदी १५ एप्रिल ते १४ जून. बांगलादेशची मात्र २० मे ते २३ जुलै. आपल्या होड्या जूनच्या मध्यास पाण्यात उतरत, तेव्हा तिकडच्या कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला बांधलेल्या. “आम्ही उपाशी राहून मासा वाढवावा, आणि तो शेजाऱ्याने न्यावा काय?” असे त्यांना वाटले, तर त्यांत नवल काय! २०२५ साली बांगलादेशने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी केली. दोन्ही देशांचे संबंध त्या वेळी ताणलेले होते, हे ध्यानात घ्या. मोठी भाषणे न होताही दिनदर्शिका जुळल्या. कारण माशाच्या विणीचा काळ दोघांनाही मान्य करावाच लागतो.

कोणी म्हणेल, “दिल्ली-ढाक्याच्या या गोष्टी आम्हांला कशाला?” तर हाच तंटा आपल्या दारात आहे. परराज्यांतल्या मोठ्या यांत्रिक बोटी येऊन मासळी उपसून नेतात, ही आपल्या कोळी बांधवांची तक्रार जुनी आहे, आणि ती रास्त आहे. पण जून-जुलैच्या बंदीत चोरून आलेली मासळी आपल्या बाजारात खपते ती कोणाच्या पैशाने? प्रखर दिव्यांची मासेमारी २०१७ सालीच निषिद्ध झाली असता ते दिवे लागतात, त्यांत आपल्या बंदरांतल्या होड्या मुळीच नसतात, असे आपण छातीवर हात ठेवून म्हणू शकू काय? स्वतः पथ्य न पाळणाऱ्याने शेजाऱ्यास पथ्य सांगू नये.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पण करतो, आणि मग होड्या लोटतो. आधी देणे, मागाहून घेणे, हा क्रम आपल्या पूर्वजांनी लावून दिला आहे. देशादेशांच्या करारांनाही याहून निराळे शहाणपण लागत नाही.