ठिणगीची वेळ आणि हवेचे प्रमाण

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. तरीही आज मोटारीच्या इंजिनावर बोलायला उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

माझा एक विद्यार्थी नववीतून शाळा सोडून गॅरेजात गेला. हात असा तयार झाला की उस्ताद त्याच्या भरवशावर गाडी सोपवीत. गेल्या मे महिन्यात तिथे टर्बो बसवलेली एक पेट्रोल गाडी आली. मालकाला पिकअप वाढवून हवा होता. बाहेरगावच्या एका कारागिराने लॅपटॉप जोडून टर्बोचा दाब वाढवला, ठिणगीची वेळ अलीकडे आणली आणि तो निघून गेला. गाडी नांदेडहून लातूरकडे निघाली. भर दुपार, बाहेर ४२ अंश ऊन. चढावर इंजिनातून खडखड आवाज आला आणि गाडी बंद पडली. हेड उघडले तर पिस्टनला भोक! ठपका या मुलावर आला, पगारही कापला गेला. तो मला म्हणाला, "सर, लॅपटॉपवर सगळं दिसत होतं. मला वाचता येत नव्हतं."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. तो माझ्याच वर्गातून गेलेला मुलगा होता. म्हणून मी पुस्तके मिळवली, जाणत्या मिस्त्रींना विचारले, आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पेट्रोल पूर्ण जळायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण पातळ, पेट्रोल जास्त झाले तर मिश्रण दाट. दुसरी गोष्ट ठिणगीची. विद्यार्थ्यांनो, हे गणित वहीत करून पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. एका फेऱ्याचे ३६० अंश. म्हणजे सेकंदाला १८,००० अंश. मिश्रण जळायला सुमारे दोन सहस्रांश सेकंद धरले, तर तेवढ्यात इंजिन ३६ अंश फिरून जाते! म्हणूनच पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी पाडावी लागते. फियाट आणि अॅम्बॅसडरच्या काळात उस्ताद डिस्ट्रिब्यूटर हाताने किंचित फिरवून, कान देऊन ही वेळ जुळवीत. आज ते काम संगणक करतो.

आता टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरते आणि ते हवा दाबून आत भरते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युकी यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. दाबलेली हवा गरम होते. अशा वेळी ठिणगी फार लवकर पाडली, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. मिश्रण पातळ असेल, दाब जास्त असेल आणि वर आपला मराठवाड्याचा उन्हाळा असेल, तर धोका वाढतच जातो. चढावरची ती खडखड हीच होती.

मग ठिणगी उशिरा पाडली की झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. उशीर झाला की जळण लांबते, धूर अधिक गरम होऊन बाहेर पडतो, व्हॉल्व्ह आणि टर्बो तापतात. शिवाय त्या उष्णतेने टर्बो लवकर वेग घेतो, हवा जास्त येते आणि पेट्रोल त्या मानाने वाढले नाही तर मिश्रण पातळ होते. म्हणजे हात लावला वेळेला आणि बिघडले प्रमाण! म्हणून नियम असा की जोर पडत असताना मिश्रण थोडे दाट ठेवावे. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता कमी करते. मग वेळ एक-एक अंशाने बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर प्रमाण पुन्हा तपासावे.

याहून मोठा धडा पुढे आहे. प्लग खराब होऊन ठिणगी चुकली, तर न जळलेला प्राणवायू तसाच धुरात जातो. तिथला सेन्सर सांगतो, "मिश्रण पातळ आहे." संगणक आणखी पेट्रोल ओततो. खरे तर पेट्रोल पुरेसे होते, दोष ठिणगीचा होता. यंत्र आकडा देते, पण त्याचा अर्थ माणसालाच लावावा लागतो.

हे मोठ्या कंपन्यांनाही कठीण गेले. अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची गाडी आली. नॉकिंग टाळण्यासाठी तिच्यात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले जाई. अनेक मालक ती टाकी भरायलाच विसरत. १९६३ नंतर ती गाडी निघाली नाही.

आपल्या दारातलेही उदाहरण आहे. लातूर-नांदेडच्या शिवारातला ऊस कारखान्यात जातो आणि त्याच्या मळीपासून, रसापासून इथेनॉल होते. आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला सुमारे नऊ पटच हवा पुरते, म्हणून अशा पेट्रोलचे प्रमाण १४.७ नव्हे, साधारण १३.५ येते. इथेनॉल नॉकिंगला आवर घालते, हा त्याचा गुण. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत जेट तेच राहिले तर मिश्रण पातळ पडते. ऊस आपला, गाडी आपली. हिशेब मात्र आपल्या मुलाला येऊ नये काय?

पालकहो, सूरह रहमानमध्ये मीझान म्हणजे तोल सांभाळण्याची ताकीद आहे, हे आपण जाणता. हात आणि पुस्तक यांचाही असाच तोल आहे. गॅरेजचे काम कमी दर्जाचे आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. ती इज्जतीची रोजी आहे. माझे म्हणणे इतकेच की मुलाला दहावीआधी शाळेतून काढू नका. दहावी झाली तर आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यापुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही ठिकाणी या सोयी आहेत. नववीत शाळा सोडणाऱ्याला मात्र हे दार बंद होते.

आणि उस्तादांनो, आपल्या हाताखालच्या पोराला संध्याकाळी दोन तास अभ्यासाला मोकळे सोडा. तो शिकला तर आपलेच गॅरेज वाचेल.

त्या मुलाने यंदा १७ नंबरचा फॉर्म भरला आहे. दिवसा गॅरेज, रात्री बीजगणित. परवा त्याने मला विचारले, "सर, आलेख वाचायचा म्हणजे आधी खालची रेघ बघायची की उभी?" मी म्हटले, "दोन्ही, बेटा. एकीवरून दुसरी कळते."