घरी बांधलेली विमाने
(तळेगाव दाभाडे येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, हे आपण वाचले असेल. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, आणि उड्डाणाच्या परवान्याला ऑक्टोबर २०१९ उजाडला. विमान गच्चीवरून उतरवणे एक वेळ सोपे, कागद पुढे सरकवणे कठीण! पालकहो, मुलगा गच्चीवर पत्रा कापत बसला तर हिशेब जरूर विचारा, कातर हिसकावू नका.

अमेरिकेत अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ साली निघाली. तिचा वार्षिक मेळा १९७० पासून ऑशकॉश गावी भरत आला आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केले असेल, तरच ते विमान घरचे मानतात.

तेथे उडत जायचे कसे? आपला पुणे-लोणावळा लोहमार्ग डोळ्यांपुढे आणा. रिपन गावापासून फिस्कपर्यंत विमाने अशाच रुळांवरून एकामागे एक येतात. वेग ताशी सुमारे १६७ किलोमीटर, दोहोंत अंतर जेमतेम एक किलोमीटर. वैमानिकाने वायरलेसवर बोलायचे नाही, नुसते ऐकायचे. फिस्कला जमिनीवरचा नियंत्रक रंग व पंखांची ठेवण पाहून हाक देतो, "पांढऱ्या विमाना, पंख हलव." पंख हलले की त्याला धावपट्टी सांगतात, आणि लगेच मागच्याला हाक जाते.