सेवेची साखळी तुटू नये



आपल्या कासूच्या एका बाजूस पेण, दुसऱ्या बाजूस रोहा, दोन्हीकडे नगरपरिषदा. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली. व्यवहार थांबले, पाणीपुरवठा आणि झाडलोट थांबवणे मात्र शक्य नव्हते. त्यातच 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. वीज गेली की पंप थांबतो, पंप थांबला की नळ कोरडा पडतो; मग वारंवार हात धुण्याचा उपदेश निरर्थक ठरतो.

सफाई कामगारास अथवा पाणी सोडणाऱ्यास घरी बसून काम करता येत नाही. छोट्या नगरात कोणता व्हॉल्व्ह कोणत्या आळीचा, हे बहुधा एकदोघांनाच ठाऊक असते. तो माणूस आजारी पडला तर? म्हणून त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा माणूस आधीच शिकवून तयार ठेवणे, हीच खरी सज्जता होय.

22 मार्च 2020 रोजी आपण टाळ्या वाजवल्या, ते उचितच होते. परंतु कृतज्ञता आचरणात उतरली पाहिजे. घरपट्टी-पाणीपट्टी वेळेवर भरावी, ओला व सुका कचरा वेगळा द्यावा आणि कचरा उचलणाऱ्या हातांना हातमोजे मिळतात का, हे आपल्या नगरसेवकास आजच विचारावे. संकट आल्यावर विचारून उपयोग नाही.