शरणपूर रोडवरून मोंबासाला

(नाशिकच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



अमेरिकेतल्या काळ्या माणसावर आपली पोरं तासभर बोलू शकतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. चांगलंच झालं. पण ज्या शरणपूर रोडवरून आपण रोज गाड्या पिटाळतो, तिथं एकेकाळी आफ्रिकेतून धरून आणलेली पोरं राहत होती, हे आपल्यातल्या कितीजणांना ठाऊक आहे?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची गोष्ट. इंग्रजांच्या लढाऊ बोटी हिंदी महासागरात गुलामांची गलबतं अडवत. आतली माणसं सोडवायची आणि मुंबईला उतरवायची. त्यातली काही पोरं नाशिकला यायची, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूर वस्तीत. पाद्री विल्यम प्राइसच्या हाताखालची ही वस्ती. सुतारकी, लोहारकी, इंग्रजी आणि बायबल. नावंसुद्धा नवी. याओ जमातीचा एक पोरगा इथं जेकब वेनराईट झाला.

हा जेकब १८७२ साली नाशिकला शिकलेल्या आणखी काहीजणांबरोबर आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनच्या मदतीला धाडला गेला. १ मे १८७३ ला लिव्हिंग्स्टन मेला. काळ्या माणसांनी त्याचं प्रेत वाळवलं, झाडाच्या सालीत बांधलं आणि हजारावर मैल चालत समुद्रापर्यंत आणलं. झाडावर नाव कोरलं ते जेकबनं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो होता. साहेबाच्या पुस्तकात ही निष्ठेची गोष्ट म्हणून छापतात. पण ओझं वाहणाऱ्यांना सगळी वाट ठाऊक होती, मग देश 'शोधला' कुणी?

त्याच काळात आपलं काय चाललं होतं? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महाराच्या पोरानं प्रवेश मागितला. सरकारनं नाकारला. का, तर बाकीचे शाळा सोडतील. म्हणजे गुलाम पोराला नाशकात मिशनचं इंग्रजी, आणि इथल्याच मातीतल्या पोराला सरकारी शाळेचं दार बंद. शरणपुरात आफ्रिकन पोरगं शिकलं तर कुणाचं सोवळं बिघडत नव्हतं, एवढाच फरक. मिशनऱ्यांना शिव्या द्यायला मी उभा नाही. आपल्या कितीतरी घरांत पहिलं अक्षर मिशनच्याच शाळेतून आलंय. प्रश्न वेगळा आहे. सुटका केलेल्या माणसाच्या हाताला काम मिळालं, तोंडाला भाषा मिळाली. पायाखाली जमीन कुणाची?

१८७५ च्या सुमारास शरणपूरच्या या लोकांना मोंबासाला हलवलं. समोरच्या किनाऱ्यावर नवी वस्ती झाली, फ्रीअरटाऊन. मुंबईचा जुना गव्हर्नर बार्टल फ्रीअर, त्याचं नाव. आपले नाशिककर तिथं शिक्षक झाले, सुतार झाले, उपदेशक झाले.

आणि वीसेक वर्षांत त्याच मोंबासातून रेल्वे निघाली. १८९६ ते १९०१. रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास मेले. रेल्वे झाली, आता तिचा खर्च भरून निघायला माल पाहिजे. मग केनियाच्या थंड डोंगराळ भागात गोरे शेतकरी बोलावून बसवले. एकट्या लॉर्ड डेलामेअरला १९०३ साली एक लाख एकर, ९९ वर्षांच्या पट्ट्यानं! मासाई लोकांना १९०४ आणि १९११ साली हुसकलं.

पण मळ्यावर राबणार कोण? ज्याच्याकडे स्वतःची जमीन आणि गुरं आहेत तो माणूस गोऱ्याच्या मळ्यावर कशाला येईल? म्हणून जमीन काढून घ्यायची, झोपडीवर कर बसवायचा, आणि कर रोखीत मागायचा. रोख पैसा कुठं, तर मळ्यावर. हा भांडवलशाहीचा साधा हिशेब आहे, त्याला कार्ल मार्क्स वाचायची गरज नाही. तरीही माणूस पळेल, म्हणून किपांडे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या पुरुषाच्या गळ्यात धातूची डबी, डबीत कागद. त्यावर नाव, जमात, बोटांचे ठसे, मालक कोण, मजुरी किती. पहिल्या महायुद्धानंतर हे लागू झालं.

गळ्यात अडकवणं आपल्याला नवीन नाही. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं होतं, थुंकी रस्त्यावर पडून तो बाटू नये म्हणून. मडकं धर्मानं अडकवलं, किपांडे कायद्यानं. मडक्यामागे गावकीची फुकट राबणूक होती, किपांड्यामागे मळ्याची स्वस्त मजुरी. वर्ण आणि वर्ग वेगळे काढून भांडणाऱ्या आपल्या दोन्हीकडच्या विद्वानांनी ही डबी हातात घेऊन बघावी.

आणि तिथला हिंदी माणूस? गोऱ्याच्या खाली, काळ्याच्या वर, मधल्या पायरीवर. गोऱ्यांसाठी राखलेल्या जमिनीत आम्हालाही घेऊ द्या, हे त्याच्या पुढाऱ्यांचं गाऱ्हाणं. जमीन ज्याची त्याला परत द्या, असं म्हणणारे थोडे. मणिलाल देसाई हॅरी थुकूच्या पाठीशी उभा राहिला, त्याचं नाव घेतलंच पाहिजे. १९२२ साली थुकूला पकडलं, नैरोबीत जमावावर गोळीबार झाला, माणसं मेली. पण मधल्या पायरीची चटक वाईट. आपल्यातल्या नोकरदारांनी हे जरा नीट ऐकावं.

दादासाहेब गायकवाडांना ही जमिनीची गोष्ट कळली होती. आपल्याच दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा माणूस. १९५८ च्या कायद्यानं महार वतन गेलं, गुलामगिरी गेली, पण वतनाची जमीन परत मिळवायला पैसे भरा म्हणाले! १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तो यासाठीच. आपण दादासाहेबांची जयंती करतो, आणि जमिनीचं नाव काढलं की गप्प बसतो.

आज दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला कोण येतं? सुरगाणा, पेठचा आदिवासी. त्याचं जंगल इंग्रजानं वनखात्याच्या नावे केलं, ते स्वतंत्र देशातही खात्याकडंच राहिलं. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला, तरी २०१८ च्या मार्चमध्ये हीच माणसं नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेली, पायांची सालटं निघाली. आपल्यातले किती त्यांच्याबरोबर चालले? ते लाल झेंड्याचे, आपण निळ्याचे, हे उत्तर मला देऊ नका.

पुढच्या वर्गाला येण्याआधी प्रत्येकानं एकदा सकाळी मजूर नाक्यावर जाऊन उभं राहायचं. भाषण द्यायचं नाही. तीन गोष्टी विचारायच्या: गावाकडं जमीन किती, वनहक्काचा दावा कुठं अडकलाय, आणि मुकादमाकडून उचल किती घेतलीय. वहीत लिहून आणा. पुढचा वर्ग त्या वह्यांवर घेऊ.